रूळ होता, पडदा नव्हता

आमच्या कॉटच्या वर पडद्याचा रूळ होता, पडदा नव्हता. पहिल्या दिवशी मावशींना विचारलं तर म्हणाल्या धुवायला गेलाय, दुसऱ्या दिवशी विचारलं तरी धुवायलाच गेलेला, आणि सहाव्या दिवशी आम्ही डिस्चार्ज घेऊन निघालो तेव्हाही तो रूळ तसाच मोकळा, एका टोकाला दोन प्लॅस्टिकचे हूक तेवढे लटकत होते. अठरा कॉटचा वॉर्ड. त्यातल्या चार कॉटना पडदे होते, तेही मागे सारून गाठ मारून ठेवलेले. घरी आल्यावरही कितीतरी दिवस डोळे मिटले की मला तो रूळ दिसायचा.

लिहायच्या आधी एक सांगते. माझी लेक अकरा वर्षांची आहे, आणि हे सगळं तिच्याबद्दल असल्यामुळे तिला विचारूनच लिहितेय. तिने तीन अटी घातल्या, नाव नको, फोटो नको, आणि "ती गोष्ट" नको. लिहून झाल्यावर तिने स्वतः वाचलं, दोन ओळी काढायला लावल्या, मी काढल्या. त्यामुळे मध्ये कुठे तुम्हाला वाटलं की हे नीट सांगितलं नाही, तर ते नीट न सांगणं ठरवून आहे. हॉस्पिटलचं नावही लिहीत नाही. नाशिकमधलंच एक खाजगी, आणि तिथल्या लोकांनी माझ्या लेकीला बरं करून घरी पाठवलं हे मी विसरलेले नाही.

ऑक्टोबरमध्ये तिला डेंग्यू झाला. आमच्या गल्लीत तेव्हा घराआड एक पेशंट होता. ताप चार दिवस उतरेचना, डेंग्यूची एनएस वन टेस्ट पॉझिटिव्ह आली, प्लेटलेट खाली यायला लागल्या, उलट्या थांबेनात, मग डॉक्टर म्हणाले ॲडमिट करा. आणि तापाच्या पाचव्या दिवशी सकाळी ताप उतरला. मी थर्मामीटर दोनदा लावून बघितला, सासूबाईंना फोन केला, यांना फोन केला, देवाला नारळ कबूल केला. राउंडला आलेल्या डॉक्टरांनी मात्र तेव्हाच सांगितलं की ताई, आता खरं लक्ष द्यायचंय. डेंग्यूत ताप उतरल्यानंतरचे एक-दोन दिवसच अवघड असतात, रक्तवाहिन्यांतलं पाणी बाहेर झिरपायला लागतं, बीपी पडू शकतं, नुसता प्लेटलेटचा आकडा बघत बसू नका, पोटात दुखतंय का, उलट्या सारख्या होतायत का, कुठून रक्त जातंय का, लघवी कमी झालीय का, पोर एकदम मलूल झालंय का हे बघा. मी हे सगळं मोबाईलमध्ये टाईप करून घेतलं. मला त्या डॉक्टरांचं खरंच कौतुक वाटलं, एवढं समजावून कोण सांगतं हल्ली.

आता गंमत बघा नाही म्हणणार, कारण ती गंमत नव्हती. हेच प्रश्न त्यांनी माझ्या लेकीला विचारले. कधी विचारले, तर दुपारच्या राउंडला. राउंडला मोठे डॉक्टर, दोन ज्युनियर डॉक्टर, इन्चार्ज सिस्टर, एक शिकाऊ सिस्टर, आणि शेजारच्या कॉटवरच्या मुलाचे बाबा, जे राउंडमध्ये नव्हते पण तीन फुटांवर स्टूल टाकून बसले होते आणि आमच्याकडेच बघत होते. समोरच्या कॉटवर तेरा वर्षांचा एक मुलगा. आणि डॉक्टरांचा आवाज खणखणीत, कारण वॉर्डात कायम चार पोरं रडत असतात. "शी झाली का? कशा रंगाची झाली? सू किती वेळा? कुठे रक्त-बिक्त?" लेक माझ्याकडे बघून मान हलवत होती. नाही. नाही. नाही. डॉक्टर म्हणाले गुड, व्हेरी गुड, आणि पुढच्या कॉटकडे गेले. फाईलवर लिहिलं गेलं की त्रास काही नाही.

ते खरं नव्हतं. पण हे मला रात्री दीड वाजता कळलं.

रात्रपाळीला एक सिस्टर होत्या, कळवणकडच्या, पन्नाशीच्या आसपास. अठरा कॉट आणि रात्री दोन सिस्टर, त्यातली एक तर सारखी सलाईन बदलण्यातच गुंतलेली. या दर तासाला येऊन बीपी बघायच्या. दीडच्या सुमारास आल्या, बीपी घेतलं, मग लेकीच्या चेहऱ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मला म्हणाल्या, "ताई, तुमच्याकडे एखादी जुनी साडी, ओढणी काही आहे का?" माझ्याकडे अंगावर घ्यायला आणलेली सुती साडी होती. त्यांनी ती घेतली, एक टोक सलाईनच्या स्टँडला बांधलं, दुसरं त्या रिकाम्या रुळाला, खिडकीत कुणीतरी टॉवेल वाळत घातला होता त्याचे चिमटे काढून लावले, आणि दोन मिनिटांत आमच्या कॉटभोवती एक खोली झाली. मग मला म्हणाल्या, "तुम्ही जरा बाटली भरून आणता का?"

बाटली भरलेली होती. मला कळलं त्यांना काय म्हणायचंय. मी उठले, पण उठताना मला फार लागलं, खोटं कशाला बोलू. मी आई आहे, रात्री त्या कॉटच्या पायथ्याशी झोपतेय, तिची शी-शू काढतेय, आणि मला बाहेर जायला सांगतायत.

मी कूलरपाशी जाऊन उभी राहिले. परत आले तेव्हा साडीच्या आत सिस्टर तिच्या उशाशी वाकून बसल्या होत्या आणि तिला विचारत होत्या, "मी हे डॉक्टरांना सांगू ना? औषधासाठी त्यांना कळायला हवं. आणि आईला मी सांगू का तू सांगशील?" लेक म्हणाली, "तुम्ही सांगा."

काय सांगितलं ते इथे लिहिणार नाही, ती अट आहे. एवढंच लिहिते की सकाळी डॉक्टरांनी जी यादी सांगितली होती त्यातलीच एक गोष्ट होती ती, दुपारपासून सुरू होती, आणि माझ्या पोरीने दुपारपासून ती दाबून ठेवली होती. ड्युटी डॉक्टर लगेच आले, परत रक्त काढलं, मोठ्या डॉक्टरांना फोन झाला, सलाईनचा वेग बदलला, बीपी तासाऐवजी पंधरा मिनिटांनी सुरू झालं, आयसीयूत एक बेड धरून ठेवला. पहाटे पाचपर्यंत मी देवाशी काय काय बोलले ते मलाच माहीत. आयसीयूत न्यावं लागलं नाही. वेळेत कळलं म्हणून, असं मोठे डॉक्टर स्वतः म्हणाले.

घरी आल्यावर खूप दिवसांनी मी तिला विचारलं, मला का नाही सांगितलंस गं. तिने सांगितलं की मी हळू बोलत नाही. "तू लगेच सिस्टर सिस्टर करून ओरडली असतीस आणि सगळ्यांना कळलं असतं, त्या दादाला पण." बरोबर होतं तिचं. मी तसंच केलं असतं.

मी हे का लिहितेय, तर आपण सगळे, मीसुद्धा, असं धरून चालतो की प्रायव्हसी म्हणजे एक वरची सोय आहे. डिलक्स रूम घेणाऱ्यांसाठी. जनरल वॉर्डात उपचार नीट झाले म्हणजे झालं, पडद्याचं काय एवढं. आणि लहान मुलांच्या बाबतीत तर आपण तो विचारच करत नाही, "लहान आहे, त्याला काय कळतंय" हे वाक्य मी त्या सहा दिवसांत निदान वीस वेळा ऐकलं असेल, डॉक्टरांकडून, मावशींकडून, आजी-आजोबांकडून, आणि एकदा माझ्याच तोंडून. पण त्या रात्री पडदा हाच उपचार होता. पडदा नव्हता म्हणून पोरगी बोलली नाही, ती बोलली नाही म्हणून फाईलवर चुकीचं लिहिलं गेलं, आणि फाईलवर चुकीचं लिहिलं म्हणून दुपारपासून रात्रीपर्यंत तिला जी औषधं, जे सलाईन चाललं होतं ते त्या चुकीच्या माहितीवर चाललं होतं. मशीनला बीपी कळतं, लॅबला प्लेटलेट कळतात. पोटात नक्की कसं दुखतंय आणि बाथरूममध्ये काय दिसलं हे फक्त पेशंटलाच माहीत असतं, मग तो पेशंट अकरा वर्षांचा असला म्हणून काय झालं. त्याने ते सांगावं अशी जागा त्याला दिली पाहिजे.

मुलांचा वॉर्ड म्हणजे नक्की कुणाचा वॉर्ड याचाही कधी विचार केला नव्हता मी. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी बारा-चौदा वर्षांपर्यंतची सगळी मुलं तिथेच येतात. म्हणजे एका कॉटवर चार महिन्यांचं बाळ, त्याच्या शेजारी सहावी-सातवीतली मुलगी जिला मैत्रिणीच्या आईसमोर सुद्धा कपडे बदलायचे नसतात, आणि समोर मिसरूड फुटू लागलेला मुलगा. सगळ्यांना एकच नियम, आणि तो नियम बाळाच्या मापाचा. स्पंजिंग करायला मावशी आल्या की सरळ फ्रॉक वर. त्या समोरच्या मुलाचं मला अजून वाईट वाटतं. त्याला झटके येत होते म्हणून ॲडमिट केलं होतं, आणि एकदा झटक्यात गादी ओली झाली. सकाळी चादर बदलताना मावशी मोठ्याने म्हणाल्या, "एवढा घोडा झालास आणि..." पुढचं लिहीत नाही. दोन लहान मुलं हसली. त्या मावशी वाईट नव्हत्या हो, त्यांनीच माझ्या लेकीसाठी घरून पेज करून आणली होती एकदा, पण त्यांना कुणी कधी सांगितलंच नसणार की झटक्यात असं होतं, त्यात त्या मुलाचा काहीच दोष नसतो, आणि ते असं बोलायचं नसतं. तो मुलगा त्यानंतर दिवसभर भिंतीकडे तोंड करून झोपला होता. राउंडला डॉक्टरांनी विचारलं कसं वाटतंय, त्याने उत्तर दिलं नाही. ज्युनियर डॉक्टर म्हणाले पेशंट को-ऑपरेट करत नाहीये.

आणि आया. याबद्दल तर कुणीच बोलत नाही. तान्ह्या बाळांच्या आया त्याच वॉर्डात दूध पाजत होत्या, बाळाला सुई लावलेली असली की त्याला हातात नीट धरता येत नाही, पदर सावरता येत नाही, आणि चारी बाजूंनी दुसऱ्या पेशंटचे बाबा, काका, मामा. सिन्नरकडची एक ओली बाळंतीण होती, बावीस-तेवीस वर्षांची, तिचं बाळ ओढून पित नव्हतं म्हणून तिला दूध काढून वाटी-चमच्याने द्यायला सांगितलं होतं. ती बिचारी दर तीन तासांनी वाटी घेऊन बाथरूममध्ये जायची. बाथरूममध्ये! बाळाच्या तोंडात जाणारं दूध. पडदा असता तर ती कॉटवर बसून काढू शकली असती. स्वच्छतेचा प्रश्नसुद्धा पडद्यापाशीच येऊन थांबतो हे मला तिच्याकडे बघून कळलं. माझी साडी मग दिवसा तिच्याकडे आणि रात्री आमच्याकडे अशी फिरत होती.

फायलींचं सांगते. कॉटच्या पायाशी क्लिपला फाईल लटकवलेली, वर नाव, वय, पत्ता, मोबाईल नंबर, निदान. भेटायला येणारा प्रत्येक माणूस ती चाळायचा, आपल्याकडे ती रीतच आहे, केळी ठेवायची आणि फाईल उघडायची. आमच्या लांबच्या एक काकू आल्या, त्यांनी आमची फाईल बघितली आणि मग शेजारची पण बघितली. मी त्यांना थांबवलं तर त्यांना राग आला. शेजारच्या मुलाला काय आहे हे मला त्यांच्याकडूनच कळलं आणि मला ते कळायला नको होतं. एचआयव्ही बाधित मुलांचं असं झालं तर काय होत असेल? त्यासाठी तर वेगळा कायदा आहे, २०१७ चा, संमतीशिवाय एचआयव्हीबद्दलची माहिती बाहेर सांगता येत नाही, पण पायाशी लटकणाऱ्या फाईलला कायदा कुठून कळणार.

फोटोंबद्दल मात्र दोष हॉस्पिटलचा नाही, आपला आहे. माझ्याच दिराने लेकीचा सलाईन लावलेला फोटो स्टेटसला ठेवला, खाली हात जोडलेले आणि गेट वेल सून. तासाभरात तिच्या वर्गाच्या ग्रुपवर पोचला. केस विस्कटलेले, नाकाला पट्टी, हॉस्पिटलचा गाऊन एका खांद्यावरून घसरलेला. तिच्या एका मैत्रिणीने काळजीनेच विचारलं तू मरणार आहेस का म्हणून. दिराला सांगितलं, त्यांनी लगेच काढला, माफी पण मागितली, त्यांच्या मनात वाईट काहीच नव्हतं. पण गेलेला फोटो गेला. आणि फळवाटप! आपल्याकडे कुणाचाही वाढदिवस असला की सरकारी दवाखान्यात मुलांच्या वॉर्डात फळवाटप असतं. माझ्या लहानपणापासून बघतेय, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो, मध्ये नेते, बाजूला आठ कार्यकर्ते, आणि खाली कॉटवर एक घाबरलेलं पोर, हातात सफरचंद. त्या पोराचा चेहरा स्पष्ट, कधी कधी मागच्या बोर्डावर कुठला वॉर्ड आहे तेही दिसतं. त्याच्या आईला कुणी विचारलं असेल का? विचारलं असेल तरी समोर नेते आणि मागे डॉक्टर उभे असताना ती नाही म्हणू शकली असती का? फळं जरूर द्यावीत, सिस्टरांकडे देऊन जावीत.

घरी आल्यावर मी बरंच वाचलं, म्हटलं नुसतं चिडून उपयोग नाही. सगळं लिहिलेलं आहे हो, कागदावर काहीच कमी नाही. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ मध्ये रुग्ण हक्कांची सनद तयार केली, त्यात सतरा हक्क आहेत, गोपनीयता आणि खाजगीपणा त्यात आहे, आणि पुरुष डॉक्टर बाईपेशंटला तपासत असेल तर दुसरी बाई हजर असण्याचा हक्कही आहे. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने ती २०१९ मध्ये राज्यांना पाठवली. महाराष्ट्राने जानेवारी २०२१ मध्ये नर्सिंग होम नोंदणीचे नियम बदलले, त्यात रुग्ण हक्कांची सनद दिसेल अशा जागी लावायची आहे. आमच्या हॉस्पिटलात ती होती, लिफ्टच्या शेजारी, फ्रेम करून, छान अक्षरात. मी सहा दिवस त्या लिफ्टने वर-खाली केलं आणि एकदाही वाचली नाही. डॉक्टरांसाठी २००२ ची आचारसंहिता आहे, तिच्यात कलम ७.१४ मध्ये पेशंटच्या गोष्टी बाहेर सांगायच्या नाहीत असं आहे आणि ७.१७ मध्ये ओळख पटेल असे फोटो परवानगीशिवाय छापायचे नाहीत असं आहे. त्याच नियमांत आणखी एक कामाची गोष्ट सापडली, आपण मागितले तर केसपेपर ७२ तासांत द्यावे लागतात. आणि बालहक्कांचा जो आंतरराष्ट्रीय करार आहे, ज्यात भारत १९९२ पासून आहे, त्याच्या कलम १६ मध्ये मुलाच्या खाजगीपणाचा हक्क सरळ लिहिलाय. मुलाच्या. आईबापाच्या नव्हे. हे वाचून मी जरा वेळ गप्पच बसले.

सरकारी दवाखान्यांसाठी तर २०२१ मध्ये मुस्कान नावाचा कार्यक्रम सुरू झाला, मुलांचे वॉर्ड, ओपीडी, नवजात बाळांचे कक्ष मुलांना सोयीचे व्हावेत म्हणून. माझी एक मैत्रीण जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागात आहे, ती म्हणाली भिंतीवर चित्रं रंगवणं पटकन होतं, पडदे आणि माणसं मिळणं अवघड. तिचं म्हणणं मला पटतं. रात्री दोन सिस्टर अठरा मुलं बघत असतील तर कोण प्रत्येक कॉटशी बसून हळू आवाजात विचारणार. आमच्या त्या सिस्टरांनी विचारलं ते त्यांच्या चांगुलपणामुळे, पण चांगुलपणावर वॉर्ड चालवायचा का? त्या रजेवर असत्या तर?

डॉक्टरांची बाजूही लिहायलाच हवी. मी नंतर मोठ्या डॉक्टरांशी बोलले तेव्हा ते म्हणाले, ताई, मुलांच्या वॉर्डात पडदे कायम ओढलेले परवडत नाहीत, सिस्टरांना टेबलापासून सगळी मुलं दिसली पाहिजेत, एखादं पोर निळं पडतंय, एखाद्याला झटका आलाय, कुणी सुई ओढून काढलीय हे दिसलं पाहिजे. हे अगदी खरं आहे आणि मला ते आधी सुचलं नव्हतं. पण मी कुठे म्हणतेय दिवसभर ओढा. तपासताना, कपडे बदलताना, बेडपॅन देताना, दूध पाजताना ओढायचा, झालं की मागे सारायचा. आणि पडदा ओढला म्हणून आवाज थोडाच अडतो, कापडच ते. म्हणून आवाज पण खाली हवा, आणि स्टूल टाकून बसलेल्या बाबांना दोन मिनिटं बाहेर थांबा म्हणणारं कुणीतरी हवं. डॉक्टरांनी ऐकून घेतलं. त्यांनी मला हेही सांगितलं की शिकताना त्यांना औषधाचे डोस वजनावर कसे काढायचे हे घोकून घोकून शिकवलं, पण दहा-अकरा वर्षांच्या मुलीला असे प्रश्न कसे विचारायचे हे कुणी शिकवलं नाही. इतकं खरं बोललेला डॉक्टर मी पहिल्यांदाच बघितला.

सुईचं राहिलं. पहिल्या दिवशी तिची शीर सापडत नव्हती, डेंग्यूत तशीही सापडत नाही लवकर. चौघांनी धरलं होतं तिला, दोन हात, दोन पाय, आणि एक जण म्हणत होता रडलीस तर मोठी सुई देईन. पाचव्यांदा लागली. ती नुसती दुखण्यापायी रडत नव्हती, धरल्यामुळे रडत होती. कातडी बधिर करायचं मलम मिळतं, साधारण तासभर आधी लावावं लागतं, घाईच्या वेळी ते शक्य नसतं हे मला कळतं, पण तिसऱ्या दिवशी सुई बदलायची होती तेव्हा घाई नव्हती. तेव्हाही कुणी लावलं नाही, मला माहीतच नव्हतं म्हणून मीही मागितलं नाही. दुखणं किती आहे हे मुलांना विचारायची सहा चेहऱ्यांची एक पट्टी असते, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत, पोराने बोट ठेवायचं, एवढं सोपं. ती भिंतीला लावलेली होती. तिच्यावर कुणीतरी जेवणाच्या डब्यांच्या वेळा चिकटवल्या होत्या.

एक गोष्ट मात्र आपल्याकडे चांगली आहे ती सांगितलीच पाहिजे, की आई मुलाजवळ राहते. वाचताना मला कळलं की इंग्लंडमध्ये एक काळ असा होता की मुलांच्या वॉर्डात आईबापांना भेटायला अगदी मोजका वेळ मिळायचा, आणि १९५९ च्या प्लॅट समितीच्या अहवालाने सांगितलं की आईला येऊ द्या, राहू द्या. आपल्याला ते सांगावं लागलं नाही. फक्त नवजात बाळांच्या काचेच्या कक्षाबाहेर आपल्या आया अजूनही पायऱ्यांवर, सतरंजीवर बसलेल्या दिसतात. माझ्या नणंदेने तसे अकरा दिवस काढले होते. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ ला पहाटे नवजात कक्षाला आग लागून १० बाळं गेली ती बातमी वाचून ती फोनवर बोलूच शकली नव्हती. आईला आत घ्या हे आता सरकारी मार्गदर्शक सूचनांतच आहे, २०१७ पासून, तिला हात धुवायला शिकवा, बाळाला छातीशी धरू द्या. म्हणजे खाजगीपणा हवा म्हणताना मी असं अजिबात म्हणत नाही की सगळ्यांना बाहेर काढा. आई आत हवी, काकू फाईल चाळायला नको. आणि अकरा वर्षांच्या मुलीची आई असेल तर दोन मिनिटं तिनेही बाटली भरायला जायला हवं. त्या रात्री मला लागलं होतं, आता लागत नाही.

डिस्चार्जनंतर पंधरा दिवसांनी मी हॉस्पिटलला एक पत्र दिलं. तक्रार नव्हे, पत्रच. त्यात आधी त्या रात्रीच्या सिस्टरांचे आभार मानले, मग चार गोष्टी मागितल्या. प्रत्येक कॉटला पडदा, फाईल सिस्टरांच्या टेबलावर, दहा वर्षांवरच्या मुलांना रोज एकदा एकटं आणि हळू आवाजात विचारणं, आणि वॉर्डात फोटो काढू नये असा बोर्ड. रिसेप्शनवरच्या मुलीने पोच द्यायला का कू केलं, पण दिली. तीन आठवडे काहीच नाही. मग मी फॉलोअपला गेले तेव्हा वर जाऊन बघून आले. फायली टेबलावर आल्यात. फोटोचा बोर्ड लागलाय, थोडा उंच लागलाय पण लागलाय. पडदे सात कॉटना झालेत, अकरा बाकी आहेत, टेंडर काढलंय म्हणतात. हळू आवाजात विचारण्याचं काय झालं ते वॉर्डात उभं राहून कळत नाही. त्या सिस्टर भेटल्या नाहीत, रात्रपाळीला होत्या की रजेवर ते कुणाला सांगता आलं नाही, त्यांच्यासाठी नेलेला लाडवांचा डबा इन्चार्ज सिस्टरांकडे ठेवून आले.

फॉलोअपच्या वेळी डॉक्टरांच्या केबिनमध्ये औषध कंपनीचे एक एमआर बसले होते, बॅग मांडीवर घेऊन. डॉक्टरांनी लेकीला विचारलं, काय मग, आता सगळं ठीक? ती काही बोलली नाही. एमआरकडे बघत राहिली. डॉक्टरांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला, पण आलं, त्यांनी त्या गृहस्थांना बाहेर बसायला सांगितलं, दार लोटलं, आणि मग ती बोलली, मलाही आधी माहीत नसलेल्या दोन गोष्टी बोलली.

गेल्या आठवड्यात आमच्या वहिनींच्या मुलाला न्यूमोनिया होऊन ॲडमिट केलं, दुसऱ्या हॉस्पिटलात. मी डबा भरत होते, थर्मास, चादर, चार्जर असं सगळं पिशवीत टाकत होते. लेक आतून ती सुती साडी घडी करून घेऊन आली, वर गॅलरीतल्या दोरीवरचे दहा चिमटे काढून आणले होते. म्हणाली, "मामीला सांग, एक टोक स्टँडला बांधायचं."